फियाटच्या पार्टसाठी मुंबई: कुर्ला, ऑपेरा हाउस आणि शुक्रवारचा चोर बाजार

मंडळी, बरेच दिवस पुढं ढकलत होतो ती मुंबईची वारी शेवटी आमच्या मिस्त्रींना बरोबर घेऊन करून आलो. गाडी आमची ७८ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे जिला सगळे फियाटच म्हणतात ती. पत्र्याचं काम झालंय, इंजिन उघडून टेबलावर पडलंय आणि लागणाऱ्या सामानाची यादी दोन पानी. फोनवर विचारून बघितलं होतं, पण फोनवर सगळेच "है ना, आ जाओ" म्हणतात आणि फोटो पाठवा म्हटलं की गप्प होतात. मागच्या महिन्यात दोघा-तिघांनी विचारलं की कुठं जायचं, काय मिळतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी मुद्द्याचं सांगतो, म्हणजे यादी कशी करायची ते कळेल. टॅक्सीला जे लागायचं ते अजून मिळतं, टॅक्सीला जे लागत नव्हतं ते मिळत नाही. बास. मुंबईत फियाटचे पार्ट इतकी वर्षं टिकले ते तुमच्या-आमच्या हौसेमुळं नाही, काळी-पिवळीमुळं. कंपनीचं प्रॉडक्शन २००० च्या आसपास बंद पडलं तरी टॅक्स्या पळत होत्या, त्यामुळं क्लच प्लेट, व्हील सिलिंडर (चाकातल्या ब्रेकचे), वॉटर पंप, पाटे, किंगपिन, गॅस्केट हे सगळं छोटे स्थानिक कारखानेवाले बनवतच राहिले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये पासिंग झालेली, २० वर्षांची मर्यादा संपून ती ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली आणि तिथंच गिऱ्हाईक संपलं. आता जे विकलं जातंय तो शिल्लक माल आहे, नवीन कोणी फारसं बनवत नाही. म्हणून मेकॅनिकल सामान आत्ताच घेऊन ठेवा, पुढच्या वर्षी बघू म्हणू नका. आणि टॅक्सीवाल्यानं जे कधी बदललंच नाही, म्हणजे क्रोमची पट्टी, हॉर्न रिंग (स्टिअरिंगवरची हॉर्नची कडी), मोनोग्राम, व्हील कप (चाकावरची झाकणं), पुढच्या छोट्या त्रिकोणी काचेचं रबर, त्यासाठी वेगळा वेळ आणि वेगळा बाजार धरायचा.

वार कुठला निवडायचा हे फार महत्त्वाचं. गुरुवार-शुक्रवार जमवा. ऑपेरा हाउसकडची दुकानं रविवारी बंद, चोर बाजारातली पक्की दुकानं शुक्रवारी बंद, पण शुक्रवारी पहाटे तिथं रस्त्यावर जो बाजार भरतो तोच आपल्या कामाचा. कुर्ल्यात शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बरीच शटर खाली असतात, म्हणून कुर्ला गुरुवारीच उरकायचं. आम्ही बुधवारी रात्री कोल्हापुरातनं महालक्ष्मी धरली आणि सकाळी दादरला उतरलो. आंघोळी आतेभावाकडं परळला.

कुर्ल्याला स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षा करा आणि सीएसटी रोड सांगा, कलिन्याच्या दिशेनं. रस्त्याच्या दर्शनी बाजूला सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, मॅगव्हील असला चकचकाट आहे, त्याकडं बघायचं नाही. मागच्या गल्ल्यांत कटिंगचा, म्हणजे भंगारात तोडलेल्या गाड्यांचा माल असतो. गंमत म्हणजे ज्या कारखान्यात या गाड्या बनल्या तो इथनं जवळच, एलबीएस मार्गाच्या बाजूला होता. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली, सोलापूरचा माणूस. आता त्या जागेवर कोहिनूर सिटी उभी आहे, प्रीमियर रोड एवढं नाव तेवढं शिल्लक राहिलंय.

पहिल्याच गोडाऊनमध्ये आम्ही पद्मिनीचं सामान म्हटलं तर चाचांनी वर न बघता विचारलं, "टॅक्सी का चाहिए या घर का गाडी का?" मी म्हटलं घर का. "तो आधा सामान बोलो ही मत." आणि खरंच, यादी वाचून दाखवली तर अर्ध्या ओळींवर नुसती मान हलवली. बाकीच्या अर्ध्यासाठी मात्र पोत्यामागून पोती काढली. व्हील सिलिंडरचा ढीग रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवलेला, त्यातला एकेक मिस्त्रींनी बाहेर काढायचा, फडक्यानं पुसायचा, करंगळी आत घालून गोल फिरवायची आणि बाजूला टाकायचा. करंगळीला खड्डा लागला की तो सिलिंडर बाद, कितीही चमकत असला तरी, कारण त्या खड्ड्यावर नवीन रबर कप आठवडाभरात फाटतो आणि ब्रेक ऑइल गळायला लागतं. ढिगातनं पाच चांगले निघाले. आपल्याला चारच लागतात पण पाचवा पण घेतला.

सिलिंडर हेडचं जरा सविस्तर सांगतो, कारण तिथं जास्त पैसे जातात. या इंजिनचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं. टॅक्सीवाले कूलंट वगैरे भानगडीत पडत नव्हते, नळाचं पाणी ओतायचे, त्यामुळं हेडमधल्या पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या असतात. स्टीलची फूटपट्टी बरोबर न्या, हेड उलटं करून त्यावर तिरकी धरा आणि पलीकडनं मोबाईलचा टॉर्च मारा, पट्टीखालनं उजेड आला तर हेड वाकलंय. थोडं असेल तर फेस मारून, म्हणजे मशिनवर घासून सपाट करून घेता येतं, पण आधीच दोनदा मारलेलं असेल तर पुन्हा मारायला जागाच उरत नाही. दुसरं म्हणजे नंतरच्या सगळ्या टॅक्स्या सीएनजीवर पळाल्या आणि गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात, पेट्रोलसारखा ओलावा नसतो ना. म्हणून व्हॉल्व्ह किती खोल गेलेत ते बघितल्याशिवाय पैसे काढू नका. आम्ही बघितलेल्यांपैकी एकच हेड मिस्त्रींच्या मनाला आलं आणि ते घेतलं.

पिस्टनचंही तसंच. स्टँडर्ड बोअर ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७५, १०८९ सीसी. टॅक्सीची इंजिनं पुन्हा पुन्हा रिबोअर झालेली (सिलिंडर झिजला की आतनं मोठा करून घेतलेली) असतात, त्यामुळं बाजारात मिळणारे पिस्टन बहुतेक ओव्हरसाइज. पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचा. आधी पिस्टनचा सेट मिळवायचा, मग त्या मापाला ब्लॉक बोअर करायचा. उलट करायला गेलात तर बोअर झालेला ब्लॉक घेऊन पिस्टन शोधत फिराल.

कुर्ल्यात बीडिंगचं रबर मीटरवर मिळतं. दरवाज्याचं, डिकीचं जुनं रबर दोन-दोन इंच कापून खिशात न्या आणि आडवा छेद जुळवून बघा. "सेम आता है साब" यावर जाऊ नका.

दुपारी लोकलनं दादर आणि तिथनं वेस्टर्न लाइननं चर्नी रोड. ऑपेरा हाउस, लॅमिंग्टन रोड, त्रिभुवन रोड या पट्ट्यात जुनी पार्टची दुकानं आहेत, काही तर गिऱ्हाईक बसायला स्टूल देणारी. इथं भंगार नाही, खोक्यातला माल. कॉन्टॅक्ट पॉइंट, डिस्ट्रिब्युटर कॅप, फ्यूल पंपाचं किट, इंजिन बेअरिंग इथनं घ्यावं. पण जुनं खोकं दिसलं की भुलायचं नाही. एका दुकानात पिवळ्या पडलेल्या खोक्यातनं कालच बनवल्यासारखा लोकल माल निघाला, मिस्त्रींनी नुसता हातात वजन करून परत ठेवला. आणि रबराची कुठलीही वस्तू, कप असो, डायफ्राम असो, सील असो, वीस वर्षं सीलबंद पडलेली असली तरी घेऊ नका. लोखंड तेलात टिकतं, रबर फडताळावर बसून बसून कडक होतं. नखानं दाबून बघा, खूण राहिली किंवा बारीक चिरा दिसल्या तर सोडून द्या.

दुकानात बोलताना फियाट म्हणा, आणि वर्ष सांगा. डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी, मग शेवटची एस वन, शिवाय डिझेल वेगळी. डायनॅमोवाली की अल्टरनेटरवाली, हे पण आधीच सांगा म्हणजे निम्मी उलटतपासणी वाचते. जुना पार्ट बरोबर असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर व्हर्निअरनं माप घेऊन वहीत आकृती काढून न्या. मोबाईलमधल्या फोटोला साइज कळत नाही.

संध्याकाळी गिरगावात पोटपूजा. कोल्हापूरच्या माणसानं मुंबईत मिसळ मागवू नये, एवढंच सांगतो.

आता शुक्रवार पहाट, चोर बाजार. ग्रँट रोडवरनं चालत जाता येतं, पण त्या वेळी टॅक्सी बरी. अंधारातच माल मांडलेला असतो, विकणारे आणि घेणारे दोघं टॉर्च मारत फिरतात. चपला, मिक्सर, कॅमेरे, नळाच्या तोट्या आणि त्यातच मध्ये गाडीचं सामान. इथं यादी घेऊन जाण्यात अर्थ नाही, जे दिसेल ते ओळखता आलं पाहिजे. एक छोटा लोहचुंबक जरूर न्या. दरवाज्याची हँडलं आणि मोनोग्राम बरेचदा जस्ताच्या ओतकामाचे असतात, त्यांच्यावर फोड आले असतील तर प्लेटिंगवाला पण हात जोडतो. चुंबक चिकटला म्हणजे खाली लोखंड, ते घासून पुन्हा क्रोम करता येतं.

आम्हाला हॉर्न रिंग मिळाली! एका गोणपाटावर जुन्या कुलपांच्या ढिगात पडली होती, प्लेटिंग उडालेलं पण तडा नाही. मी आधी दोन कुलपांचे भाव विचारले, मग शेजारच्या पक्कडीचा, मग सहज रिंगचा. अठराशे म्हणाला, मिस्त्री "चला" म्हणून वळले, बाराशेला दिली. आनंद चेहऱ्यावर दिसला की भाव गेला, त्यामुळं तुमच्यापैकी जो जास्त हौशी असेल त्यानं लांब उभं राहावं (आमच्यात तो मीच). व्हील कप पण मिळाले, पण तीन. चौथा कुठनं आणायचा देव जाणे.

एक गंभीर गोष्ट. स्वस्त मिळतंय म्हणून नंबर घासलेला ब्लॉक किंवा बिनकागदाचं अख्खं इंजिन घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटण्यासारखं असूनही, घेतला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे, आणि आरटीओत इन्स्पेक्शनला नंबर जुळला नाही की गाडी तिथंच अडकते. मोठ्या वस्तूचं साध्या कागदावर का होईना बिल लिहून घ्या. कुर्ल्यात देतात, चोर बाजारात कोण देणार.

याच्याशीच जोडून, कुर्ल्यात आम्हाला दोघांनी सल्ला दिला की हे सगळं सोडा, ११८ एनईचं (प्रीमियरचीच नंतरची गाडी) इंजिन बसवा, ११७१ सीसी निस्सान, एसी पण ओढेल. रोज वापरायची गाडी असेल तर करा बापडे, आरसीवर इंजिन बदल चढवून घ्या म्हणजे झालं. पण २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हीए मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, फी २०,००० आणि मुदत १० वर्षं, आणि त्यात अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार झालेला नको. आमचीला ५० भरायला फार वर्षं राहिली नाहीत, त्यामुळं आम्ही १०८९ वरच राहणार. फक्त व्हिंटेज नंबरवर गाडी रोज बाजारात नेता येत नाही हे लक्षात ठेवून ठरवा.

जे मिळालं नाही ते बनवायचं ठरलंय. स्टिअरिंगवरच्या गिअर लिव्हरचे बुश झिजले की गिअर अडकतो, हे सगळ्या फियाटवाल्यांचं दुखणं, पण टॅक्सीवाले तार-पट्टी लावून चालवायचे त्यामुळं तयार बुश मिळाले नाहीत. मिस्त्रींनी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडनं गनमेटलचे काढून घेतले, जुन्या दांड्याचं माप देऊन, आणि लिव्हर आता मधल्या बोटानं पडतोय. तुमच्या गावात चांगला लेथवाला असेल तर बुश, पिना, स्पेसर यासाठी मुंबईपर्यंत जाऊच नका.

सामान नेण्याचं: हेड आणि जड लोखंड गोणीत, तेल पूर्ण निथळवून, नाहीतर रेल्वेत शेजारी भांडायला उठतात. काच अजिबात ट्रेननं आणू नका. पैसे यूपीआयनं सगळीकडं घेतात, पहाटेच्या बाजारात मात्र शंभर-पाचशेच्या नोटा सुट्या ठेवा, पाचशे काढून शंभराची घासाघीस जमत नाही. अवजारांत पान्हे नकोत, व्हर्निअर, फूटपट्टी, चुंबक, टॉर्च आणि फडकं पुरे.

बाकी बाजारांबद्दल कोणी विचारायच्या आधीच सांगतो. पुण्यात नाना पेठ मुख्यतः टू-व्हीलरसाठी, बुलेट-यझ्दीवाल्यांनी तिकडं जावं. दिल्लीत कारचं सामान काश्मिरी गेटला. मेरठच्या सोतीगंजचं नाव अजून लोक घेतात पण ते २०२१ अखेर बंद झालंय, तिकडं तिकीट काढू नका. आमचा चौथा व्हील कप आणि त्रिकोणी काचेचं रबर अजून बाकी आहे, त्यासाठी पुण्याचा जुना बाजार बघणार आहे, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. कोणाकडं जादा व्हील कप पडला असेल तर कळवा, बदल्यात पाचवा व्हील सिलिंडर देतो.