मिसळलेला राखाडी उद्यापर्यंत टिकवताना

नोकरी सांभाळून चित्रं काढायची म्हणजे सलग वेळ मिळणं कठीणच. रात्री अर्धा-पाऊण तास हाती येतो आणि त्यातला बराचसा वेळ रंग मिसळण्यातच जायचा. मी अ‍ॅक्रिलिक रंग वापरते. त्यातलं पाणी उडून गेलं की कण एकमेकांना चिकटून थर बनतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. जलरंगाच्या वाळलेल्या वडीवर ओला ब्रश फिरवला की डिंक सुटतो, काम पुढे चालू. इथे ती सोय नाही.

वाया गेलेल्या रंगाचं मला फार वाटायचं नाही. हळहळ असायची ती छटेची. अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा यांतून सावलीसाठी साधलेला राखाडी दुसऱ्या दिवशी तसाच जमेल याची खात्री नसते. त्यात ओल्या अ‍ॅक्रिलिकमधलं माध्यम, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट द्रव, दुधाळ असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं, म्हणून रंग जरा गडद दिसतो. आता जुळवा ओल्याला वाळलेल्याशी!

पाण्याचा फवारा मारून पाहिला. काम चालू असेपर्यंत ठीक, रात्रभर नाही टिकत. रिटार्डरने, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रवाने, रंग जास्त वेळ ओला राहतो खरा, पण प्रमाण वाढलं तर चित्रावरही तो चिकटच राहतो. मला थरावर थर चढवायची घाई, त्यामुळे ते माझ्या कामाचं नव्हतं.

मग घरीच ओलं पॅलेट केलं. घट्ट झाकणाचा उथळ डबा, तळाला भिजवलेला सपाट स्पंज, वर बटर पेपर आणि त्यावर रंग. कागदातून ओलावा हळूहळू वर येत राहतो. मेणकागद घेऊ नये, मेण पाणी अडवतं. खरी मेख पाण्याच्या मापात आहे. डब्यात पाणी साचलेलं असेल तर सकाळपर्यंत रंग पातळ होऊन एकमेकांत शिरतात. मी स्पंज इतपत पिळते की बोटाने दाबल्यावरच पाणी दिसावं. कागद आधी भिजवून, तळव्याने हवा काढत बसवते, नाहीतर फुगलेल्या जागेवरचा रंग आधी वाळतो. रंगही पसरून न ठेवता गोळा करून ठेवायचा. काही दिवसांनी कुबट वास येऊ लागतो. तेव्हा कागद फेकून द्यायचा, स्पंज गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा.

याने सरावच बदलला. सुट्टीच्या दिवशी फिकटापासून गडदपर्यंत राखाडीच्या पाच पायऱ्या मिसळून ठेवते आणि पुढच्या रात्री तेवढ्यावरच एखादी बाटली, एखादा कप रंगवते. रंगाचा विचार बाजूला राहतो, फक्त उजेड-सावली बघायची. माझ्या मते शिकताना याहून उपयोगी काही नाही.

तैलरंगवाल्यांनी मात्र या डब्याच्या वाटेला जाऊ नये. जवसाचं तेल पाणी उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यांनी पॅलेट झाकून, खाण्याच्या पदार्थांपासून वेगळं, फ्रीझरमध्ये ठेवावं. आणि अ‍ॅक्रिलिकमध्येही पॅलेट नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) जाड रंग लावायचा असेल, तर डब्यातला रंग मऊ पडलेला असतो. त्या दिवशी मी सरळ ट्यूबमधूनच घेते.