रामटेक मतदारसंघाची प्रदक्षिणा: मधोमध नागपूर, खासदार बाहेरचा

रामटेक लोकसभा मतदारसंघ फिरायचा म्हणजे नागपूर शहराला प्रदक्षिणा घालायची. काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेड, कामठी आणि रामटेक हे सहाही विधानसभा मतदारसंघ नागपूर जिल्ह्यातलेच. नागपूर शहर त्यांच्या मधोमध, पण त्याचा खासदार वेगळा. सरळ मेदूवडा समजा. गंमत अशी की सगळे रस्ते वड्याच्या भोकातूनच जातात. काटोलच्या माणसाला एसटीने उमरेडला जायचे तर नागपूरला उतरून गाडी बदलावी लागते. रामटेकची मतमोजणीसुद्धा नागपुरातच होते, कळमन्याच्या बाजारात. ज्या मतदारसंघाची राजधानी त्याच्या बाहेर आहे, तिथे बाहेरचे खासदार का येत राहिले, हे फिरताना आपोआप उमगत जाते.

सुरुवात कामठी रोडने करा. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो आहे, पुढे बस किंवा ऑटो. कामठी म्हणजे छावणी आणि जुने विडी कामगार, पण बहुतेक पाहुणे ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार पाहून परत फिरतात. तसे करू नका. बाबू हरदास एल. एन. इथलेच. विडी कामगारांची संघटना बांधणारे हरदास 1937 साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या विधिमंडळात गेले आणि 1939 च्या जानेवारीत तरुणपणीच वारले. ‘जय भीम’ म्हणण्याची प्रथा पाडण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. कन्हान नदीच्या काठी त्यांचे स्मारक आहे, 12 जानेवारीला तिथे लोक जमतात. मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला तो पुनर्रचनेनंतर, 2009 पासून. दलित राजकारणाची मुळे मात्र या काठावर त्याच्या किती आधीपासून आहेत, ते इथे कळते.

नदी ओलांडली की कन्हान. 10 एप्रिल 2024 ला पंतप्रधानांची सभा झाली ती इथेच. त्या निवडणुकीची हकिगत मजेशीर आहे. काँग्रेसने उमेदवारी दिली होती नागपूर जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे यांना. ऐन वेळी त्यांचे जात वैधता प्रमाणपत्र रद्द झाले आणि अर्ज बाद ठरला. पर्यायी उमेदवार म्हणून पती श्यामकुमार बर्वे यांचा अर्ज भरलेला होता, तेच मैदानात राहिले आणि सुमारे 76 हजार मतांनी निवडून आले. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ते प्रमाणपत्र रद्द करण्याचा आदेशच रद्दबातल ठरवला. इथल्या चहाच्या टपरीवर हा विषय काढलात तर घाईत असू नका.

कन्हानहून मनसरपर्यंत जबलपूरचा महामार्ग, तिथून उजवीकडे वळले की रामटेक. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. इतवारीहून रामटेकची पॅसेंजरही आहे, स्वस्त आणि निवांत. मात्र गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधी बघून घ्या. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकाहून एसटी सोयीची. महिलांना अर्धे तिकीट आहेच. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत, आधार कार्ड जवळ असू द्या.

गडावर गाडीरस्ता आहे, पण पाय धड असतील तर अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढा. प्रसादाची पिशवी हातात उघडी धरू नका, वानरे खिशातलेसुद्धा सोडत नाहीत. राममंदिर सगळेच बघतात. वाटेतल्या केवल नरसिंह मंदिरात मात्र थांबाच. छोटेखानी मंदिर, पाचव्या शतकाच्या सुमारास इथे राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या काळातले, आत लालसर दगडाचा मांडी ठोकून बसलेला धिप्पाड नरसिंह, आणि भिंतीत वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या घराण्याचा शिलालेख. रामटेकला दिल्लीत नेणाऱ्या नरसिंहाच्या आधी दीड हजार वर्षे हा नरसिंह इथे ठाण मांडून बसलेला आहे!

तो दुसरा नरसिंह म्हणजे पी. व्ही. नरसिंहराव. 1984 ला आंध्रात तेलुगू देसमचा जोर होता, म्हणून ते हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन ठिकाणी उभे राहिले. हनमकोंड्यात पडले. देशभरात भाजपला ज्या दोनच जागा मिळाल्या त्यातली एक ती. रामटेकने मात्र त्यांना तारले, 1989 ला पुन्हा निवडून दिले. नागपुरात कायद्याचे शिक्षण झालेले, मराठी अस्खलित, त्यामुळे भाषणाला दुभाषा लागत नव्हता. 1991 ला ते उभेच राहिले नाहीत आणि नेमके त्याच वर्षी पंतप्रधान झाले; खासदारकी मग नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून मिळवली. रामटेकचा पंतप्रधान असा थोडक्यात हुकला. पायथ्याशी एका पानठेल्यावर मी हे काढले तर ठेलेवाले काका चुना लावता लावता म्हणाले, “आमच्या इथून खासदार निवडून येत नाही भाऊ, निवडून पाठवल्या जाते.”

काकांचे म्हणणे यादीला बऱ्यापैकी लागू पडते. 1974 च्या पोटनिवडणुकीत वेगळ्या विदर्भाच्या हवेत राम हेडाऊ आले, 1977 ला जनता लाटेतही जतीराम बर्वेंनी जागा काँग्रेसकडे ठेवली. तोवरचे राजकारण याच मातीतले वाटते. रावांनंतर मात्र नागपूरच्या भोसले घराण्यातले तेजसिंहराव, मग 1996 ला दत्ता मेघे, ज्यांनी नागपूर, रामटेक आणि वर्धा असे तीन मतदारसंघ पाहिले, 1998 ला राणी चित्रलेखा भोसले. 1999 पासून शिवसेनेचे सुबोध मोहिते, वाजपेयी सरकारात मंत्रीही झाले. ते 2007 ला काँग्रेसमध्ये गेले आणि पोटनिवडणुकीत शिवसेनेच्याच प्रकाश जाधवांकडून हरले. 2009 ला मुकुल वासनिक बुलढाण्याहून आले आणि जिंकले. 2014 आणि 2019 ला शिवसेनेचे कृपाल तुमाने.

जिल्ह्यात भाजप भारी, पण युतीच्या वाटपात रामटेक सेनेला, हा करार इतकी वर्षे चालला. 2024 ला त्याचेच तीन तेरा झाले. विद्यमान खासदार तुमानेंचे तिकीट कापले गेले आणि शिंदे गटाने उमेदवार घेतला तो काँग्रेसचे उमरेडचे आमदार राजू पारवे. तुमानेंना नंतर विधान परिषद मिळाली.

रामटेकला मुक्काम करणार असाल तर खिंडसी तलाव संध्याकाळी बघा. त्रिपुरी पौर्णिमेला आणि रामनवमीला गडावर पाय ठेवायला जागा नसते. राजकारण बघायचे असेल तर तेव्हाच या, स्वागताच्या बॅनरवर कोणाचा फोटो केवढा आहे ते बघितले की निम्मे काम होते.

पारशिवनीमार्गे सावनेरला जायचे तर स्वतःची गाडी हवी, एसटीच्या भरवशावर दिवस जाईल. सावनेर हा केदारांचा गड मानला जाई. जिल्हा मध्यवर्ती बँक घोटाळ्यात डिसेंबर 2023 ला काँग्रेसचे आमदार सुनील केदार दोषी ठरले, आमदारकी गेली. तरी लोकसभेला बर्वेंच्या प्रचाराची सूत्रे त्यांच्याच हातात होती. जागा राखीव झाल्यापासून इथे हेच चालते. मोठी घराणी स्वतः लढू शकत नाहीत, मग उमेदवार कोणाचा ‘माणूस’ यावर लढाई होते. वाटेत धापेवाड्याचे विठ्ठल मंदिर करा. नितीन गडकरींचे हे मूळ गाव, म्हणजे नागपूरच्या खासदाराचे गाव रामटेक मतदारसंघात!

काटोल-नरखेडचा पट्टा संत्र्यांचा. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यातल्या फुलोऱ्याची, फळे ऑक्टोबर ते डिसेंबर; मृगाची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, फेब्रुवारी-मार्च. रस्त्यावर घेण्यापेक्षा बागेत विचारा. इथे देशमुख काका-पुतण्यांची लढत गाजली. 2014 ला आशिष देशमुखांनी भाजपकडून काका अनिल देशमुखांना पाडले, 2019 ला काका परत आले, आणि 2024 ला पुतणे शेजारच्या सावनेरातून निवडून आले. हिंगण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. एमआयडीसी, कॉलेजे आणि दत्ता मेघेंचे चिरंजीव समीर मेघे यांची सलग आमदारकी. लोकमान्य नगरपर्यंत मेट्रोने जाऊन उरकता येते.

उमरेड शेवटी ठेवा. कोळशाच्या खाणी, कऱ्हांडल्याचे जंगल आणि पुढे भिवापूरची मिरची. विधानसभेला 2024 च्या नोव्हेंबरात काँग्रेसला सहापैकी ही एकच जागा राखता आली, बाकी पाच महायुतीकडे. जूनमध्ये लोकसभा जिंकलेल्या पक्षाची सहा महिन्यांत ही गत का झाली, यावर उमरेडच्या स्टँडवर तीन जणांनी मला तीन कारणे सांगितली. लाडकी बहीण तिघांच्याही बोलण्यात होती. सफारी करायची तर बुकिंग ऑनलाइन आधीच करा, मिरची घ्यायची तर ओली लागते की नाही हे बोटाने दाबून बघा, आणि नागपूरच्या रस्त्यावर अंधार पडण्याआधी लागा, कोळशाचे ट्रक फार असतात.