बिलावर लिहिलं 'प्रिंटर दुरुस्ती'

सप्टेंबर २०२१, गणपतीचा आठवडा. कर्नाटकात निपाणी भागातल्या एका सौहार्द सोसायटीतून, म्हणजे तिथल्या सहकारी पतसंस्थेतून, मॅनेजरचा फोन. "काउंटरवरनं एक पासबुक छापेना झालंय ओ. बाहेर लाईन लागलीय. कधी येऊलाय?" एरर काय दाखवतंय विचारलं. लांबलचक शून्यांच्या शेवटी '११बी'. तेवढ्यावरून अर्धा रोग कळला. त्या आठवड्यात देशोदेशीचे कॉम्प्युटरवाले याच एररनं बेजार होते.

बाहेरच्याला वाटतं सोसायटी पैशावर चालते. ती छापण्यावर चालते. पिग्मी, म्हणजे रोजची थोडीथोडी बचत, भरणारा पानवाला, तंबाखूच्या वखारीत राबणारी बाई, यांना ॲपमधला आकडा दाखवून उपयोग नाही. पासबुकात काळी ओळ उमटली तर पैसे जमा झाले, नाहीतर कुणीतरी खाल्ले.

आता मूळ भानगड. विंडोजमध्ये प्रिंटचं काम रांगेत लावणारा एक प्रोग्रॅम असतो, प्रिंट स्पूलर. मशीन चालू झालं की तोही चालू, प्रिंटर जोडलेला असो वा नसो. आणि त्याला अधिकार सगळ्यात वरचे. म्हणजे मालकाच्या चाव्यांचा जुडगा खिशात घालून हिंडणारा शिपाईच. २०२१च्या जूनअखेर एक भोक उघड्यावर आलं, प्रिंटनाइटमेअर नावाचं, भोकांच्या जागतिक यादीत नंबर सीव्हीई २०२१-३४५२७. नेटवर्कमधल्या साध्या युजरनं 'हा घे प्रिंटरचा ड्रायव्हर' (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम) म्हणून काहीही पुढं केलं, तरी स्पूलर ते आपल्या अधिकारात चालवायचा. मग नवं खातं उघडा, डाटा उचला, सगळं कुलूपबंद करून खंडणी मागा. महिन्याच्या ठरलेल्या दिवसाची वाट न बघता ६ जुलैला मायक्रोसॉफ्टचा तातडीचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, आला. ऑगस्टच्या पॅचनं प्रिंटरचा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनचा पासवर्ड सक्तीचा केला. आणि १४ सप्टेंबरच्या पॅचनं स्पूलरच्याच आणखी एका, जानेवारीत जाहीर झालेल्या भोकावरचा उपाय सक्तीचा केला. दोन्ही टोकांची मशीन अपडेट नसतील तर शेअर केलेल्या प्रिंटरवर छपाई बंद. '११बी' तिथून आला.

इथं नेमकं तसंच. डाटा ज्या मशीनवर, त्यालाच पासबुक प्रिंटर जोडून शेअर केलेला. ते मशीन रात्रीत आपलंआपण अपडेट झालं. काउंटरची मशीन कित्येक महिने अपडेटविना, आणि पिग्मीचं तर विंडोज सेव्हन, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मध्येच संपलेला.

मॅनेजरनी मोबाईलवर व्हिडिओ लावून समोर धरला. "हा पोरगा बघा की, पॅच काढून टाकला, दोन मिनिटांत प्रिंट आली." ते खोटं नव्हतं. पॅच काढला की छापतं, म्हणून तर असले व्हिडिओ चालतात.

पण मी डाटावाल्या मशीनची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगची वही, उघडली आणि तिथंच थांबलो. पॉइंट अँड प्रिंट, म्हणजे नेटवर्कवरून ड्रायव्हर घेण्याच्या सेटिंगखाली, 'नो वॉर्निंग, नो एलिव्हेशन' (इशारा नको, पासवर्ड नको) समोर १. त्याच्या शेजारी, ड्रायव्हर फक्त ॲडमिननंच बसवावा या अटीसमोर ०. ही मूल्यं आपोआप पडत नाहीत, कुणीतरी हातानं टाकायला लागतात. आधीच्या टेक्निशियननं जुलैचा पॅच टाकला, ऑगस्टचाही टाकला, आणि पासवर्डची कटकट नको म्हणून दोन आकडे बदलून दोन्ही पॅच निकामी केले. अपडेटच्या यादीत सगळं हिरवं. ऑडिटर आला असता तर पाठ थोपटून गेला असता. कमी शिकलेल्याचं हे काम नव्हे. त्याला सगळं कळत होतं, ह्याचाच जास्त राग आला.

मी शेअरिंगच मोडायचं ठरवलं. प्रिंटरला पॅरलल पोर्ट होतं. त्यावर लॅनची वायर घेणारी छोटी प्रिंट सर्व्हरची डबी बसवली की प्रत्येक काउंटर थेट प्रिंटरशी बोलतं आणि डाटावाल्या मशीनवर स्पूलर बंद करता येतो. डबी कोल्हापुरात होती. तेव्हा हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यावर करोनाचा आरटीपीसीआर रिपोर्ट दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून आत सोडत नव्हते. शेवटी मालाच्या टेम्पोतून आली, दुपार कलल्यावर. तोवर काउंटरची मशीन अपडेट केली, ते दोन आकडे जागेवर आणले आणि क्लार्कांच्या लॉगिनचे ॲडमिनचे अधिकार काढले.

मग खरी कुस्ती. नव्यानं बसवलेल्या ड्रायव्हरनं कागद ए-४ धरला. पासबुक कुठलं एवढं? तारीख शिवणीवर, शिल्लक कागदाबाहेर. प्रत्येक काउंटरवर पासबुकाच्या मापाचा वेगळा फॉर्म (कागदाचं माप) बनवला, पट्टीनं मिलिमीटर मोजून. काउंटरच्या ताईंनी भरलेली जुनी पासबुकं आणून दिली. वरून किती ओळी सोडायच्या, शिवणीवरून उडी कुठं मारायची, हे त्यांना कुठल्याही मॅन्युअलपेक्षा पक्कं ठाऊक होतं. "दादा, अजून अर्धी ओळ खाली." त्यांचंच बरोबर निघालं. विंडोज सेव्हनच्या मशीनवर स्पूलर कायमचा बंद केला. एजंटांच्या हातातल्या पिग्मी मशीनचा डाटा तिथं उतरवायचा, छापायचं काउंटरवर. एजंट कुरकुरले. कुरकुरूदेत.

बिल मात्र अडलं. 'प्रिंट स्पूलर सुरक्षा बंदोबस्त' असं लिहिलं होतं. चेअरमन म्हणाले, "आधीपण छापत होतंच की, तुम्ही नवीन काय केलासा?" समजावून सांगितलं. चहा झाला, बिल तसंच. मॅनेजरनी बाजूला घेऊन सुचवलं, 'प्रिंटर दुरुस्ती' लिहा, त्या नावाचं खातं आहे. लिहिलं. लगेच पास झालं.

ते आकडे बदलणारा टेक्निशियन त्याच पट्ट्यातल्या आणखी सोसायट्यांची कामं बघतो. त्याला फोन केला. तो भांडला नाही. म्हणाला, "अण्णा, कस्टमरला छापायला पायजे. तुम्ही बसवा की सगळीकडं डबी, पैसे कोण देणार?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, कारण मलाही पैसे दुरुस्तीच्याच नावानं मिळाले होते. त्याच्याकडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हळूच सुचवून बघितलं, एकदा रजिस्ट्री तपासून घ्या म्हणून. त्यांनी रोखून बघितलं. "आमचा माणूस फोडून काम घ्यायला आलासा काय?"

त्यांच्या संचालक मंडळात एक निवृत्त मास्तर ओळखीचे आहेत. जनरल बॉडीच्या आधी त्यांना गाठायचं, आणि आधीच सांगून टाकायचं की काम मला नको.