व्यास नव्हे, व्यास
नागपुरात बर्डीवर आमचं डीटीपीचं दुकान आहे. पीएचडीवाल्यांचं टायपिंग, प्रूफ, बायंडिंग सगळं इथंच. लोकांना वाटते टायपिंग म्हणजे नुसती बोटं चालवणं, पण खरं काम जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात आणला की सुरू होते, रफार उडतात, जोडाक्षरं तुटतात, अन् एकाच प्रकरणात 'उत्तरआधुनिक', 'उत्तराधुनिक', 'उत्तर-आधुनिक' असे तीन अवतार सापडतात. हे निस्तरणारा बर्डीवर मीच, असं मीच म्हणतो.

मागच्या महिन्यात एका मॅडमचा प्रबंध आला, सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'वर, 1981 ची बुकरवाली कादंबरी. प्रबंध मराठीत, उतारे मॅडमनीच अनुवादलेले. त्यात गोष्ट सांगणारा सलीम सिनाई म्हणते की वाल्मीकींनी गणपतीला रामायण सांगून लिहवून घेतलं. आता मी रोज टेकडीच्या गणपतीला हात जोडून शटर उघडणारा माणूस, गणपतीनं लिहिलं ते व्यासांचं महाभारत, हे शाळेतलं पोट्टंही सांगते. फाइंड-रिप्लेस मारलं, सगळीकडे वाल्मीकींच्या जागी व्यास अन् रामायणाच्या जागी महाभारत, विषय संपला. सलीमची आजी बोलताना सारखं 'काय ते नाव' म्हणते, तेही टायपिंगचं रिपीट समजून अर्धे उडवले.

काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, पाच कॉपी तयार. मॅडमनी उभ्याउभ्याच चौथं प्रकरण उघडलं अन् मटकन स्टुलावर बसल्या. "भाऊ, हे काय करून ठेवलं?"

आख्खं प्रकरण त्या चुकीवरच उभं होतं! सलीमच्या बोलण्यावर भरवसा ठेवता येऊ नये म्हणून ती मुद्दाम ठेवलेली, रश्दींनी नंतर लेखात तसं सांगितलंयही. गांधीहत्येची तारीख चुकली हे तर सलीम स्वतःच कबूल करते, पण दुरुस्त करत नाही. माझ्या कृपेनं आता वर बरोबर वाक्य, खाली पानभर त्यातल्या चुकीचं विवेचन, अन् मधे 'व्यास नव्हे, व्यास'. फायनल पीडीएफ गाईडसाहेबांनी ओके केली होती, म्हणजे काय वाचलं असेल ते समजा.

पाचही कॉपी माझ्या खर्चानं पुन्हा बांधल्या, त्याचं काही नाही. पण वीस वर्षं मुद्राराक्षसाशी भांडून राहिलो अन् आता लेखकच म्हणते चूक राहू दे, तर आम्ही पाहावं कशाकडे? व्यासांनी गणपतीला अट घातली होती म्हणे, अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. पानामागे पैसे घेणाऱ्याला हे कसं परवडते बाप्पा.

मॅडम जाताना म्हणाल्या, "शंका आली की गोल करून विचारत जा ना भाऊ." ते मी करतोच. इथं शंकाच आली नव्हती.