इमॅजिका की क्रूझ? निकाल दुपारच्या झोपेनं लावला

आमच्या नागपूरच्या घरात, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. गणपती उठले, दिवाळीच्या सुट्टीचं बोलणं निघालं, तशी थोरली (वय साडेसहा) न सांगता चपला काढून तिथं जाऊन उभी राहिली. "टाचा खाली," नवरा म्हणाला. "हनुवटीसुद्धा," मी. सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप लावली. ११४ सेंटिमीटर.

"पुरे का?" तिनं विचारलं.

तिच्या वर्गातली एक मैत्रीण खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जाऊन आली होती आणि 'नायट्रो'वर बसले म्हणून सगळ्या वर्गाला सांगत होती. बसली असणं शक्य नाही. तो रोलर कोस्टर चाळीस मीटर उंच आहे, डब्याला खाली फरशीच नाही, पाय नुसते हवेत लोंबकळतात. पहिलीतल्या मुलीला तिथं कोण बसू देईल? पण हे साडेसहा वर्षांच्या माणसाला समजावून सांगणं म्हणजे आपणच वाईट ठरणं. मी म्हटलं, "थोडी कमी पडते." ती टेपकडे बघत राहिली, जणू चूक टेपचीच.

तर घरात दोन पक्ष. नवरा आणि थोरली पार्ककडे, मी क्रूझकडे. धाकटा (सव्वातीन) ज्याच्या हातात बिस्किट असेल त्याच्या बाजूला. सासूबाईंचा तिसराच सूर: "येवढ्या लहान पोट्ट्यायले घेऊन पाण्यात काहून जाता बाप्पा? गोरेवाड्याले वाघ पाहून या ना."

नवऱ्याचा मुद्दा वरवर बिनतोड होता. आता समृद्धी महामार्ग पूर्ण झालाय, ७०१ किलोमीटर, गाडी काढायची आणि निघायचं. शिवाय इमॅजिकात 'राजासॉरस' नावाची पाण्यातली राइड आहे आणि थोरलीला डायनासोरचं वेड. राजासॉरस हा काही कुणाच्या डोक्यातून निघालेला प्राणी नाही हे मला त्या वादातच कळलं. त्याची हाडं गुजरातेत आणि नर्मदेच्या खोऱ्यात सापडली, २००३ साली त्याला 'राजासॉरस नर्मदेन्सिस' असं नाव मिळालं. म्हणजे आपल्याच पट्ट्यातला. चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोऱ्याजवळचं पिसदुरा तर डायनासोरच्या अवशेषांसाठी अभ्यासकांमध्ये प्रसिद्धच आहे. मी म्हटलं, मग रमण विज्ञान केंद्रातले डायनासोर बघायला आपण दर दोन महिन्यांनी जातो, ते काय कमी आहेत? नवरा म्हणाला, "ते पाणी उडवत नाहीत."

माझ्याजवळ मात्र एक आठवण होती आणि तिच्यापुढे समृद्धी चालेना.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका पार्कात गेलो होतो. नाव सांगत नाही, तिथं त्यांची काही चूक नव्हती. ऊन डोक्यावर, धाकटा सव्वा वर्षाचा, माझ्या खांद्यावर. थोरलीला घोड्यांच्या चक्रात बसायचं होतं. पाऊण तास रांगेत उभे राहिलो. समोर फक्त दोन कुटुंबं उरली आणि थोरलीनं माझा कुर्ता ओढला. "आई, शी." पाऊण तासाची रांग सोडून आम्ही पळालो. परत आलो तर रांग वळसा घालून सरबताच्या गाडीपर्यंत गेलेली. तोवर धाकटा झोपला. त्याला खांद्यावर घेऊन मी एका झाडाखालच्या बाकावर दोन तास बसले, डावा हात बधिर होईपर्यंत. तिकीट पूर्ण दिवसाचं होतं. माझा दिवस त्या बाकावर गेला.

म्हणून या वेळी मी वहीत धाकट्याचा दिवस लिहून काढला. साडेसहाला उठतो. एक ते अडीच झोपतो, नाही झोपला तर पाचपासून घर डोक्यावर. सातला त्याचा कारभार आटोपतो. पार्क सकाळी उशिरा उघडणार, म्हणजे तो पेंगुळणार बरोबर ऐन दुपारी. आणि झोपायचं कुठं, तर बाकावर नाही तर पार्किंगमधल्या तापलेल्या गाडीत. जहाजावर मात्र आपली खोली लिफ्टनं दोन मिनिटांवर. नवऱ्यानं वही वाचली, खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे आपण समुद्रात झोपायला जायचं?" हो. अगदी तेच.

पैशाचंही सांगते, कारण लोक आधी तेच विचारतात. पार्क स्वस्त वाटतं ते तिकिटापुरतं. दोन रात्रींचं हॉटेल, टोल, पेट्रोल, आतलं खाणं हे धरलं की आकडा फुगतो. क्रूझचा आकडा पहिल्यांदाच छातीत धडकी भरवतो, पण खोली, जेवण, बहुतेक कार्यक्रम त्यातच. मात्र जाहिरातीतल्या भाड्यावर बंदर शुल्क आणि जीएसटी वेगळे चढतात, ते बघूनच हिशोब करा. आम्ही खिडकी नसलेली आतली खोली घेतली. तरी पार्कच्या सहलीपेक्षा क्रूझ आम्हाला पावणेदोन पट पडली. नवरा अजून अधूनमधून हा 'पावणेदोन' काढतो.

जहाज कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस', मुंबई-गोवा-मुंबई, दोन रात्री. देशातल्या देशात असल्यामुळे पासपोर्ट लागत नाही, पण मुलांसकट प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं. पाच वर्षांखालच्या मुलांचं आधार निळं असतं. ते निळं आधार आम्ही नागपुरात टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये सुरक्षित ठेवून आलो, हे मला बडनेरा गेल्यावर आठवलं. मोबाईलवर आधार उतरवून घेतलं, मुंबईत एका झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढली, काम झालं. पण त्या रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये मला झोप लागली नाही.

आम्ही एक दिवस आधीच पोहोचलो आणि डोंबिवलीला नणंदेकडे मुक्काम केला. नागपूरहून जाणाऱ्यांनी हे कराच. गाडी दोन तास उशिरा आली तर पार्कात दोन झोके कमी होतील. जहाज थांबत नाही. दिवाळीचा फराळ तिच्याकडेच संपवला, कारण घरचं केलेलं खाणं जहाजावर चालत नाही. चकल्यांचा डबा गाडीत मनमाडपर्यंतच रिकामा झाला होता म्हणा.

बॅलार्ड पिअरला टॅक्सीतून उतरलो. समोर पांढरी भिंत. धाकटा म्हणाला, "जहाज कुठंय?" त्याला वाटलं ती इमारत आहे. २१० मीटर लांब, अकरा डेक. आमच्या सोसायटीच्या दोन्ही विंग एकापुढे एक आडव्या ठेवल्या तरी कमी पडतील. हे जहाज १९९० साली फ्रान्सच्या सॅं-नाझेरमध्ये 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून बांधलं गेलं. म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान. रंगरंगोटी दोघींचीही झालेली आहे.

निघण्याआधी सगळ्यांना ठरलेल्या जागी जमवून आणीबाणीची तालीम घेतात. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज आडवं झालं, त्यानंतर ही तालीम प्रवास सुरू होण्याआधीच घ्यायचा नियम घट्ट झाला. मला वाटलं होतं, मुलं घाबरतील. आधी जहाजाचा भोंगा झाला: सात छोटे, एक लांब. पूं-पूं-पूं असे सात आणि मग पूंऽऽऽऽ. पूर्ण शांतता. धाकटा माझ्या कडेवर ताठ. मग त्यानं नारिंगी जाकिटाला दोरीनं लटकवलेली शिट्टी पाहिली, तोंडात घातली आणि त्याच चालीत वाजवायला लागला. सात बारीक, एक लांब. बरोबर मोजून. अंक त्याला नीट येत नाहीत. बालवाडीच्या बाई सांगतात, पाचानंतर थेट नऊ म्हणतो. शिट्टी मात्र चुकला नाही. शेजारच्या गुजराती आजोबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यानं पुन्हा वाजवली. आणि पुन्हा.

संध्याकाळी जहाज हललं. गेटवे सगळ्यांना समोरून माहीत असतो, पाठीकडे समुद्र ठेवून. आम्ही तो समुद्राकडून पाहिला. इतका लहान होत गेला की थोरलीनं बोटांच्या चिमटीत पकडला. अंधार पडल्यावर दूर एक दिवा उघडझाप करत होता, तो खांदेरीचा. तिनं आदल्याच आठवड्यात पार्किंगमध्ये मातीचा किल्ला केला होता, वर आळीव पेरलेलं, मावळे प्लास्टिकचे. मी सांगितलं, हा किल्ला पाण्यातल्या बेटावर आहे, महाराजांनी १६७९ साली मुंबईच्या इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधून घेतला, आणि २०२५च्या जुलैत जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिनं बराच वेळ विचार केला. "मग मावळे माती कशी घेऊन गेले? होडीत? आणि आळीव?"

आतली खोली म्हणजे लोक नाक मुरडतात. मला विचाराल तर लहान मुलांसाठी तिच्यासारखी खोली नाही. दिवा बंद केला की मध्यरात्र, मग बाहेर दुपारचा एक असो. धाकटा जेवून आला, दिवा बंद, जो झोपला तो अडीच तास. मी शेजारी पडून नुसती छताकडे बघत होते, म्हणजे छत दिसतच नव्हतं. दोन वर्षांपूर्वीचा तो बाक आठवला. डावा हात मोकळा होता.

दुसऱ्या दिवशी मुरगावला लागलो. नवरा आणि थोरली बसनं गोवा बघायला गेले. मी आणि धाकटा गेलो नाही, आणि इथं एक गुपित सांगते. बंदराच्या दिवशी जहाज रिकामं होतं. आदल्या दिवशी ज्या तलावात पाय ठेवायला जागा नव्हती, तो आमचा दोघांचा. (डायपरमधल्या बाळांना जहाजाच्या तलावात बहुधा उतरू देत नाहीत, हे आधी विचारून घ्या. आमची तेवढी प्रगती झाली होती.) तो पायरीवर बसून पेल्यानं पाणी एका बाजूचं दुसऱ्या बाजूला टाकत होता. तासभर तेवढंच. हे त्यानं घरी बादलीतही केलं असतं, हे मला कळतं.

आता थोरलीचं. ती कंटाळली, खोटं कशाला सांगू. जादूचा कार्यक्रम आवडला, आइस्क्रीम आवडलं, मुलांच्या खोलीत पहिल्या दिवशी रमली. पण दुसऱ्या संध्याकाळी कठड्याशी उभी राहून म्हणाली, "इथं पाणीच आहे फक्त." सात-आठ वर्षांच्या पुढची मुलं असती आणि धाकटं कुणी नसतं, तर मी स्वतः पार्कला मत दिलं असतं. पोटात गोळा यायला जी उंची लागते ती त्यांच्याकडे असते, आणि दुपारी झोप लागत नाही. आमच्या घरातला सामना सव्वातीन विरुद्ध साडेसहा असा होता. जिंकला लहान, कारण तो हरला की सगळेच हरतात.

जहाज लागेल म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडून औषध आणलं होतं. खोली मधल्या भागात आणि खालच्या डेकवर मागून घेतली होती, तिथं हेलकावे कमी लागतात. पावसाळा संपला की अरबी समुद्रही बहुधा शांत असतो. सगळी तयारी चोख. आणि परतीच्या रात्री जेवताना आडवी झाले ती मी. मुलं पनीर खात होती, मी डोळे मिटून पडले होते. नवऱ्यानं डेकवर नेऊन क्षितिजाकडे बघायला लावलं. अंधारात क्षितिज कुठलं? एका मासेमारी होडीचा दिवा होता, त्याच्याकडे अर्धा तास बघितलं. उतार पडला.

मुंबईत उतरल्यावर सीएसएमटीच्या फलाटावर थोरली सामानावर बसून होती. म्हणाली, "आई, फलाट हलतोय." मलाही हलत होता. नागपूर येईपर्यंत हलत राहिला. वर्धेला संत्रीवाला डब्यात चढला तेव्हा कुठं पाय जमिनीला लागल्यासारखे झाले.

घरी आलो त्या दुपारी सासूबाईंनी वरणाचा कुकर लावला होता. धाकटा हॉलमध्ये खेळत होता. एक शिट्टी झाली, त्यानं मान वर केली. दुसरी, तिसरी. तो उठला, सोफ्यावरची उशी छातीशी बांधल्यासारखी धरली आणि स्वयंपाकघराच्या दारात, त्या पेन्सिलीच्या रेघांशी जाऊन उभा राहिला.

"आजी, जाकीट घाल! चल!"

"वरण शिजून राह्यलं रे बाप्पा," सासूबाई गॅस बारीक करत म्हणाल्या, "बुडत नाही."