पुण्यात पेटणारा डिझेल हीटर केलाँगला का बंद पडतो: माझा अनुभव

आमच्या व्हॅनमध्ये सीटखाली 12 व्होल्टचा, 2 किलोवॅटचा डिझेल एअर हीटर आहे. पुण्यात तो केव्हाही पेटायचा. हिमाचलच्या लाहौलमध्ये केलाँगला पारा शून्याखाली गेला की मात्र बटण दाबल्यावर पंखा फिरायचा, थोड्या वेळाने स्क्रीनवर कमी व्होल्टेजचा एरर यायचा आणि सगळं बंद. बॅटरीला मीटर लावला तर 12.6 व्होल्ट! अशा वेळी हमखास सल्ला मिळतो, हीटरचा कंट्रोल बोर्ड गेला, नवा मागवा. पण बोर्ड खरं तेच सांगत असतो. त्याच्यापर्यंत 12.6 पोहोचतच नसतात.

हा हीटर एकदा पेटला की एक-दोन अँपिअरवर चालतो. पेटताना मात्र ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) तापवायला 8 ते 10 अँपिअर लागतात, आणि या प्रकारचे 12 व्होल्टचे हीटर साधारण 10.5 व्होल्टच्या खाली गेलं की स्वतःला बंद करतात. म्हणजे जे काही मोजायचं ते हीटरच्या कप्लरवर (वायरी जोडणाऱ्या कनेक्टरवर), आणि तेही लोड असताना, म्हणजे करंट वाहत असताना. लोड नसताना एका तारेच्या तंतूवर लटकलेली वायरसुद्धा मीटरवर पूर्ण 12.6 दाखवते. वायर तुटली नाही एवढंच सांगणारा मीटरचा कंटिन्युइटी बीप तर अशा दोषात काहीच कामाचा नाही.

हीटर स्वतः लोड देतो, पण मिनिटभरच, मग एरर टाकून मोकळा. त्यामुळे त्याचा कप्लर काढला आणि तिथे हेडलाइटचा जुना एच4 बल्ब जोडला, दोन्ही फिलामेंट एकदम. 60 अधिक 55 वॅट, म्हणजे साधारण साडेनऊ अँपिअर: ग्लो प्लगइतकाच लोड, आणि हवा तेवढा वेळ. बल्ब भयंकर तापतो, सीटच्या कापडापासून लांब धरा.

बल्ब पेटलेला असताना बॅटरीच्या टर्मिनलवर 12.1 आणि कप्लरवर 10.3. वाटेत 1.8 व्होल्ट गेले. ते कुठे गेले हे शोधायला मीटर डीसी व्होल्टवरच ठेवायचा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं कप्लरच्या पॉझिटिव्हला: 1.1. तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह: 0.7. मग एकेक तुकडा. फ्यूज होल्डरच्या दोन बाजूंत 0.6, उरलेल्या चार मीटर वायरमध्ये 0.5. निगेटिव्हला जवळजवळ सगळा ड्रॉप, म्हणजे वाटेत गेलेलं व्होल्टेज, बॉडी अर्थच्या बोल्टवर, जिथे निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात. तिथे लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच आवळलेला होता.

पुण्यात हाच ड्रॉप होता. फक्त उबदार बॅटरी लोडखाली 12.4 ला टिकायची, म्हणून कप्लरवर 10.6 मिळायचे आणि हीटर कसाबसा पेटायचा. थंडीत लेड-अ‍ॅसिड बॅटरी तेवढी टिकत नाही आणि ती 0.3 ची कमतरता पुरेशी होते.

वायर 1.5 स्क्वेअर एमएमची होती. तिचा रोध दर मीटर लांबीला साधारण 12 मिलिओहम, 4 स्क्वेअरच्या जाड वायरचा 4.6. जाऊन-येऊन आठ मीटर धरले तर 10 अँपिअरला पहिलीत जवळपास एक व्होल्ट जातो, दुसरीत 0.37. म्हणून पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही 4 स्क्वेअरच्या टाकल्या आणि निगेटिव्ह बॉडीवर न सोडता थेट बॅटरीपर्यंत नेली. फ्यूज होल्डर आतून करपून प्लास्टिक तपकिरी झालं होतं, स्प्रिंग ढिली. तो बदलला, पण फ्यूजचं रेटिंग मॅन्युअलमध्ये होतं तेच ठेवलं. फ्यूज तापतो म्हणून मोठा टाकणं म्हणजे आग लावायची सोय. लग वायरवर क्रिम्पिंग टूलनेच (लग दाबायच्या खास पकडीनेच) दाबा. साध्या पकडीने चेपलेला लग पहिल्या कच्च्या रस्त्यावर सैल होतो. आता त्याच बल्बवर एकूण ड्रॉप अर्ध्या व्होल्टच्या आत आहे.

हीटरचा वीजपुरवठा बॅटरीवरूनच घ्या, इग्निशनवरून किंवा कुणाच्याही हाताला लागेल अशा मेन स्विचवरून नको. बंद केल्यावरही पंखा काही मिनिटं फिरून चेंबर थंड करतो. मध्येच वीज तोडली तर आतली उष्णता बोर्ड आणि सेन्सरकडे जाते, आणि प्लगवर काजळी धरते ती वेगळीच.

व्होल्टेज सुधारल्यावर दुसरा दोष उघडा पडला: कधी पेटायचा, कधी पेटायचा नाही. इथे कान लावायचा. प्लग तापला की फ्युएल पंप टिक-टिक करायला लागतो. टिकटिक आहे पण धूर-उष्णता नाही, तर वायरिंग सोडा आणि डिझेल बघा: हवा शिरली असेल किंवा थंडीत डिझेल गोठलं असेल. लडाखसाठी 2019 पासून वेगळं विंटर डिझेल आहे ते उगाच नाही. टिकटिकच नसेल तर दोष विजेचा. पंपाचा कप्लर काढून कॉइल मोजा. 12 व्होल्टच्या पंपाला साधारण 10 ओहम दिसले पाहिजेत. आमची कॉइल ठीक होती, कप्लरची एक पिन हिरवी पडली होती. पंप चासीखाली, चाकाच्या चिखलात असतो, तेव्हा पहिला संशय तिथेच. पंपाला थेट 12 व्होल्ट देऊन बघू नका. त्याला तुटक पल्स लागतात, सलग वीज दिली तर कॉइल जळते. पल्स येते का हे एलईडी टेस्ट लॅम्पवर दिसतं, मीटरवर आकडा नुसता नाचतो.

ग्लो प्लग मात्र ओहमवर मोजू नका. त्याचा रोध एक ओहमच्या आसपास किंवा कमी, आणि साध्या मीटरच्या वायरीच 0.3 दाखवतात. पॉझिटिव्ह वायरला क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावून हीटर चालू करा. 8-10 अँपिअर दिसले तर प्लग जिवंत, पंख्यापुरताच करंट दिसला तर प्लग किंवा त्याची वायर तुटली. क्लॅम्प मीटर घेताना डीसी अँपिअर मोजणाराच घ्या. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेचसे फक्त एसी मोजतात आणि गाडीवर शून्य दाखवत राहतात.