कप प्लांट: तिसऱ्या वर्षी एकदाचं फुललं

पहिलं फूल आलं! आज टेप लावून उंची मोजली: 7 फूट 2 इंच. शेंड्याला अजून कळ्या आहेत, शिवाय लालसर मावाही (रस शोषणारी बारीक कीड). त्याच्यावर पाण्याचा फवारा मारतोय.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: हे सिल्फियम परफोलिएटम, उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातलं बहुवर्षायू रानफूल. बियांना आधी गारठा लागतो, म्हणून ओल्या वाळूत कालवून दोन महिने फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. पहिलं वर्षभर जमिनीलगत नुसता पानांचा झुपका. दुसऱ्या वर्षी कमरेएवढं खोड, कळी एकही नाही. त्याच वर्षी एक रोप हलवायचा आगाऊपणा केला. सोटमूळ तुटलं आणि रोप गेलं. जिथे ठेवायचं तिथेच लावा.

फुलापेक्षा मला पानांचंच वेड जास्त. खोड चौकोनी, हात फिरवला की कडा जाणवतात. समोरासमोरची दोन पानं तळाशी जुळून खोडाभोवती वाटी होते. परवाच्या पावसानंतर एका वाटीत तीन चमचे पाणी निघालं. (सिरिंजने काढून मोजलं. घरचे हसले.) दुसऱ्या दिवशी वरच्या वाटीत एक चिमुकला पक्षी चोच बुडवताना दिसला, तेव्हापासून सिरिंज बंद.

आता माझी फजिती. गेल्या वर्षी एका मित्राच्या झाडाची सुकलेली फुलं आणली आणि सूर्यफुलासारखं मधलं सगळं खरवडून पेरलं. एकही उगवलं नाही. गारठा कमी पडला असेल म्हणून उरलेलं पुन्हा फ्रीजमध्ये! परवा भिंगाखाली फूल उकललं तेव्हा उलगडा झाला. कूळ सूर्यफुलाचंच, पण हिशेब उलटा: सूर्यफुलात बी मधल्या चकतीत धरतं, कडेच्या पाकळ्या वांझ. इथे मधल्या चकतीतली चिमुकली फुलं वांझ, आणि बी धरतं ते कडेच्या पिवळ्या पाकळ्यांच्या बुडाशी. म्हणजे मी दोन महिने फ्रीजमध्ये भुसा सांभाळला.

यंदा कडेच्या चपट्या, पंखवाल्या बिया तेवढ्या काढणार. थोडी फुलं पक्ष्यांसाठी राहू देईन, बाकीची बी गळायच्या आत कापेन. हे झाड आपलं आपण भरमसाट रुजतं, आणि सात फुटी वीस झाडं या वाफ्यात मावायची नाहीत.